२०१० साली अमेरिकन बँकांनी घरांचे लिलाव का थांबवले? शपथपत्रं, वचनचिठ्ठ्या आणि सह्याजीराव

टाचणी
गृहकर्जाच्या दुसऱ्या एका धाग्यावर "२०१० मध्ये अमेरिकन बँकांना कर्जदारांची दया आली आणि त्यांनी जप्त्या थांबवल्या" असा उल्लेख आला. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. दयेचा त्यात काहीही भाग नव्हता. न्यायालयांत दाखल केलेली शपथपत्रं खोटी आहेत हे बँकांच्याच कर्मचाऱ्यांच्या जबान्यांतून बाहेर आलं. तशीच रेटली असती तर मिळवलेले निकालही रद्द होण्याची भीती होती.

घटनाक्रम असा. २०१० च्या सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जीमॅक मॉर्गेज या गृहकर्ज कंपनीने २३ राज्यांतले लिलाव आणि घरं रिकामी करून घेणं थांबवलं. २९ सप्टेंबरला जेपीमॉर्गन चेसने सुमारे ५६,००० प्रकरणं बाजूला काढली. १ ऑक्टोबरला बँक ऑफ अमेरिकाही त्याच २३ राज्यांत थांबली आणि ८ ऑक्टोबरला तिने हा निर्णय पन्नासही राज्यांना लावला. १३ ऑक्टोबरला पन्नास राज्यांच्या महाधिवक्त्यांनी संयुक्त चौकशी जाहीर केली. तिचं नेतृत्व आयोवाच्या टॉम मिलर यांच्याकडे होतं.

२३ राज्यंच का, तर तिथे जप्ती न्यायालयामार्फत होते. बँक दावा लावते. कर्जदार हजर झाला नाही, किंवा हजर होऊनही वादाचा ठोस मुद्दा मांडला नाही, तर साक्षीपुरावे होत नाहीत, निव्वळ शपथपत्रावर निकाल लागतो. त्या शपथपत्रात अधिकारी म्हणतो की या कर्जाच्या नोंदी मी स्वतः पाहिल्या आहेत, बाकी इतकी आहे, आणि ही सही मी नोटरीसमोर करतो आहे. जीमॅकच्या सही करणाऱ्या अधिकाऱ्याने (शीर्षकातले सह्याजीराव ते असेच) जबानीत सांगितलं की तो महिन्याला सुमारे १०,००० कागदांवर सह्या करतो, नोंदी तपासत नाही, आणि सही झाल्यावर गठ्ठा नोटरीकडे जातो. महिन्याचे २२ दिवस आणि दिवसाचे ८ तास धरले तर जवळपास मिनिटाला एक कागद. म्हणजे शपथेवर सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी दोन खोट्या, आणि तिसरी, म्हणजे बाकीची रक्कम, कोणीच न तपासलेली.

मेन राज्यातल्या खटल्यात थॉमस कॉक्स या निवृत्त वकिलांनी कर्जदाराच्या वतीने विनामोबदला काम करताना या अधिकाऱ्याची जबानी घेतली होती. तिच्या आधारे तिथल्या न्यायाधीशांनी बँकेच्या बाजूने दिलेला आदेश मागे घेतला आणि खर्चही बँकेवर टाकला. मला यातली सगळ्यात गंभीर बाब वाटते ती वेगळीच. फ्लॉरिडातल्या एका न्यायालयाने जीमॅकला अशाच शपथपत्रांबद्दल २००६ सालीच ताकीद दिली होती. म्हणजे चूक चार वर्षं माहीत होती.

मोहोळ
माहितीबद्दल आभार. पण एक शंका आहे. हप्ते तर थकलेच होते ना? मग शपथपत्रावरची सही अ ने केली काय आणि ब ने केली काय, निकाल तोच लागला असता. बँकांचंही तेव्हा हेच म्हणणं होतं की दोष फक्त प्रक्रियेतला आहे.

ओसरी
मोहोळ, बहुतेकांचे हप्ते थकले होते हे खरं. पण "थकले" आणि "इतके थकले" यांत मोठं अंतर असतं, आणि शपथपत्र नेमकं त्या "इतके"ची हमी देतं.

थकबाकीचा आकडा कसा बनतो ते पाहा. मुद्दल, व्याज, विलंबशुल्क, एस्क्रो खात्यातून (कर आणि विम्यासाठी हप्त्यासोबत घेतलेले पैसे ठेवायचं खातं) भरलेला मालमत्ता कर आणि घराचा विमा, घर-तपासणीची फी, वकिलाची फी. यातलं मुद्दल सोडलं तर प्रत्येक ओळीत गडबड होते. सगळ्यात नेहमीची गडबड विम्याची. घरमालकाच्या विम्याचा पुरावा हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीकडे (तिला सर्व्हिसर म्हणतात) पोचला नाही, की ती स्वतःहून बाजारभावाच्या कितीतरी पट महाग पॉलिसी घेते आणि पैसे एस्क्रोला लावते. एस्क्रोत तूट आली की मासिक हप्ता वाढतो. घरमालक जुनाच हप्ता पाठवत राहतो, तो आता "अपुरा" ठरतो. अपुरा हप्ता कर्जात जमा होत नाही, सस्पेन्स (तात्पुरत्या) खात्यात पडून राहतो. म्हणजे त्या महिन्याचा हप्ता कागदोपत्री थकला, विलंबशुल्क लागलं. थकबाकीदार दिसल्यावर संगणक आपोआप दर महिन्याला घराबाहेरून तपासणी करायला माणूस पाठवतो, त्याची फीही कर्जदाराच्याच नावावर. एकही हप्ता न चुकवलेला माणूस सहा महिन्यांत थकबाकीदार होतो तो असा.

दुसरा प्रकार हॅम्प योजनेतला. २००९ मध्ये सुरू झालेल्या या सरकारी योजनेत हप्ता ढोबळ उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांपर्यंत खाली आणायचा आणि आधी तीन महिने चाचणीचे हप्ते भरून घ्यायचे, अशी रीत होती. एक विभाग हे कमी हप्ते स्वीकारायचा आणि दुसरा विभाग त्याच वेळी "पूर्ण हप्ता आला नाही" म्हणून फाईल वकिलाकडे धाडायचा. तिकडे शपथपत्र तयार व्हायचं. नोंदी खरोखर उघडून पाहणाऱ्या माणसाला तिथे चाचणीचे हप्ते दिसले असते. मिनिटाला एक सही करणाऱ्याला ते दिसणं शक्यच नव्हतं.

म्हणून दोष "फक्त प्रक्रियेतला" हे मला मान्य नाही. न्यायाधीशासमोर दुसरा कोणताही पुरावा नसताना ती प्रक्रिया हाच पुरावा होता.

एडिसनकर
ओसरी यांच्याशी पूर्ण सहमत. न्यू जर्सीत मराठी मंडळी बरीच आहेत म्हणून इथल्या पायऱ्या लिहिते.

दावा लावण्याच्या किमान ३० दिवस आधी "जप्तीच्या इराद्याची नोटीस" यावी लागते. तिच्यात बाकी किती, कोणत्या तारखेपर्यंत भरली तर प्रकरण मिटेल, आणि कर्ज देणारा कोण हे लिहिलेलं हवं. मग दावा. समन्स मिळाल्यापासून उत्तर द्यायला ३५ दिवस. उत्तर दिलं नाही, किंवा उत्तरात "मला अडचण आहे, वेळ द्या" एवढंच लिहिलं, तर दावा बिनविरोध धरला जातो आणि फाईल राजधानी ट्रेंटनच्या फोरक्लोजर (जप्ती) कार्यालयात जाते. तिथे सगळं काम कागदांवर चालतं. अंतिम निकालानंतर शेरीफचा लिलाव, आणि लिलावानंतर १० दिवस पूर्ण रक्कम भरून घर सोडवता येतं.

बहुसंख्य दावे बिनविरोध असल्यामुळे शपथपत्रांची गफलत इथे सगळ्यात जास्त बोचली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश स्टुअर्ट रॅबनर यांनी २० डिसेंबर २०१० रोजी उपाय जाहीर केले आणि त्यांत सहा मोठ्या कंपन्यांना (बँक ऑफ अमेरिका, चेस, वेल्स फार्गो, सिटी, वनवेस्ट आणि जीमॅक मॉर्गेजची मालक अ‍ॅलाय) "तुमची बिनविरोध प्रकरणं का थांबवू नयेत ते दाखवा" असा न्यायालयाचा आदेश निघाला. पुन्हा परवानगी मिळायला २०११ चा ऑगस्ट उजाडला. डिसेंबरच्या त्या आदेशाबरोबरच नियमही बदलला. वकिलाने आता कागद तपासणाऱ्या कर्मचाऱ्याशी स्वतः बोलून, त्याने नोंदी प्रत्यक्ष पाहिल्याची खात्री करून तसं प्रमाणपत्र जोडायचं. न्यूयॉर्कचे मुख्य न्यायाधीश जोनाथन लिपमन यांनी असाच नियम दोन महिने आधी, ऑक्टोबर २०१० मध्ये आणला होता.

एक सावधगिरी सांगते. इराद्याच्या नोटिशीत फक्त सर्व्हिसरचं नाव आहे, खऱ्या धनकोचं नाही, म्हणून दावा आपोआप फेटाळला जाईल असं समजू नका. २०१२ च्या फेब्रुवारीत न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने धनकोचं नाव आणि पत्ता हवाच असं सांगितलं, पण उपाय काय करायचा ते खालच्या न्यायाधीशावर सोडलं. दुरुस्त नोटीस पुन्हा पाठवायला सांगणं हाही उपाय असू शकतो.

केतकी_क
जिथे न्यायालयाची पायरीच नाही, तिथे बँक ऑफ अमेरिका का थांबली? कॅलिफोर्नियात तर शपथपत्र लागत नाही ना?

टाचणी
चांगला प्रश्न. कॅलिफोर्निया, टेक्सास, जॉर्जिया, नेवाडा अशा राज्यांत गहाणखतातच विक्रीचा अधिकार दिलेला असतो. कॅलिफोर्नियात विश्वस्त आधी थकबाकीची नोटीस नोंदवतो, मग तीन महिने थांबतो, मग विक्रीची नोटीस लावतो आणि किमान २० दिवसांनी लिलाव करतो. न्यायाधीश कुठेच येत नाही. पण "नोटीस देणाऱ्याला अधिकार होता का" हा प्रश्न उरतोच, आणि ते अधिकार देणारे कागदही सह्याजीरावांच्या टेबलावरूनच गेले होते.

इथे कागदांची साखळी समजून घ्यायला हवी. गृहकर्जात दोन मूळ कागद असतात. वचनचिठ्ठी म्हणजे "मी इतके पैसे फेडीन", आणि गहाणखत म्हणजे "नाही फेडले तर हे घर". कर्ज विकलं की दोन्ही पुढे जायला हवेत. वचनचिठ्ठीच्या मागे चेकसारखं शेऱ्याने हस्तांतर करतात. बहुतेकदा घेणाऱ्याचं नाव कोरं ठेवतात, मग चिठ्ठी ज्याच्या हातात तो धनको. गहाणखताचं हस्तांतर मात्र काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) नोंदणी कार्यालयात नोंदवायची पद्धत. अनेक कर्जं एकत्र करून गुंतवणूकदारांसाठी रोखे बनवताना कर्ज मूळ सावकाराकडून प्रायोजकाकडे, तिथून मधल्या कंपनीकडे आणि शेवटी गुंतवणूकदारांच्या वतीने ते धरून ठेवणाऱ्या ट्रस्टकडे असं तीन उड्या मारतं. प्रत्येक उडीला नोंदणी फी आणि वेळ. ते टाळायला १९९५ मध्ये मर्स नावाची इलेक्ट्रॉनिक नोंदवही निघाली. काउंटीच्या दप्तरात धनकोच्या वतीने कायम मर्सचं नाव राहायचं आणि मालक आतल्या आत बदलत राहायचे.

जप्तीची वेळ आली की ट्रस्टच्या नावाने हस्तांतराचा कागद हवा. तो नसायचाच, म्हणून तेव्हा नव्याने बनवायचे. २००६ साली बंद झालेल्या ट्रस्टकडे २००९ मध्ये कर्ज "हस्तांतरित", तेही कधीकधी मध्यंतरी बुडालेल्या सावकाराकडून. जॉर्जियातल्या अल्फारेटा गावच्या डॉकएक्स कंपनीने तर असे कागद कारखान्यासारखे काढले. एकाच बाईंचं नाव, सह्या वेगवेगळ्या हातांच्या, आणि पद कधी या बँकेची उपाध्यक्ष तर कधी त्या बँकेची. असे कागद दहा लाखांहून जास्त निघाले. कंपनीच्या प्रमुखांनी २०१२ मध्ये गुन्हा कबूल केला आणि २०१३ मध्ये त्यांना ५ वर्षांची शिक्षा झाली. या सगळ्या प्रकरणात तुरुंगात गेलेलं मोठं नाव जवळपास तेवढंच, हे मला अजूनही खटकतं.

मॅसॅच्युसेट्सही बिनन्यायालयीन राज्य. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ७ जानेवारी २०११ ला यू.एस. बँक आणि वेल्स फार्गो यांनी विश्वस्त म्हणून केलेले स्प्रिंगफील्डमधले दोन लिलाव रद्द ठरवले. लिलाव २००७ चा, हस्तांतराचा कागद २००८ चा. विकण्याचा अधिकार विकायच्या आधी हातात हवा, मागाहून कागद करून चालणार नाही, इतका साधा निकाल.

दौलतराव_पाटील
या थांब्याने नुकसानही झालं, तेही लिहायला हवं. कर्जदाराचं व्याज थांबलं नव्हतं. महिनाभर लिलाव पुढे गेला म्हणजे महिनाभराचं व्याज, कर आणि विमा बाकीत आणखी चढला. रिकामी घरं तशीच पडून राहिली. पाईप गोठून फुटतात, तांब्याची चोरी होते, शेजारच्या घरांचे भाव उतरतात. जप्त घर विकत घेणारे मधल्यामध्ये अडकले. ओल्ड रिपब्लिक या टायटल इन्शुरन्स (मालकीहक्कातल्या दोषांचा विमा) कंपनीने जीमॅकने जप्त केलेल्या घरांना विमा द्यायला मनाई केली. टायटल इन्शुरन्स नाही तर खरेदीदाराला कर्ज मिळत नाही, आणि ठरवून घेतलेला व्याजदर मुदत संपली की हातातून जातो.

आणि थांबा होता किती दिवसांचा? बँक ऑफ अमेरिकाने १८ ऑक्टोबरलाच जाहीर केलं की २३ राज्यांतली १,०२,००० शपथपत्रं नव्याने करून काम पुन्हा सुरू करतो. सव्वा लाखाच्या आसपासची प्रकरणं काही आठवड्यांत "नीट तपासली" यावर विश्वास कसा ठेवायचा? वेल्स फार्गो तर "आमच्याकडे सगळं ठीक आहे" म्हणत थांबलीच नाही, आणि २७ ऑक्टोबरला ५५,००० प्रकरणांत पुरवणी शपथपत्रं देणार असं तिला सांगावं लागलं.

ओसरी
दौलतराव, नुकसानीचा मुद्दा मान्य. एक लाख दोन हजारांना सव्वा लाख म्हणणं मात्र जास्त होतं. आकडे नेमके ठेवूया, या धाग्याचा विषयच तो आहे.

हे सगळं का घडलं याबद्दल "गर्दी फार झाली" असं उत्तर दिलं जातं. ते अर्धंच आहे. सर्व्हिसरची कमाई पाहा. वर्षाला बाकी मुद्दलाच्या ०.२५ टक्के, जास्त जोखमीच्या कर्जांवर ०.५ टक्के. दोन लाख डॉलरच्या कर्जावर वर्षाला ५०० डॉलर. हप्ता वेळेवर येतो तोवर हे फायद्याचं. हप्ता थकला की सर्व्हिसरला बहुधा स्वतःच्या खिशातून गुंतवणूकदारांचे पैसे भरत राहावे लागतात, आणि घर विकलं की ती रक्कम आणि फिया सगळ्यांच्या आधी त्याला परत मिळतात. कर्जाची फेरआखणी करायला उत्पन्नाचे कागद तपासणारी माणसं लागतात, त्यांचा पगार कोणी भरून देत नाही. मग फेरआखणीच्या विभागात माणसं कमी आणि जप्तीच्या विभागात वेग जास्त, हे ओघानेच आलं. वकिलांच्या कंपन्यांनाही प्रकरणामागे ठरावीक फी आणि उशीर झाला तर गुण कमी. प्रत्येक टप्प्यावर घाईला बक्षीस होतं, तपासणीला नव्हतं.

एडिसनकर
आज कोणाचे हप्ते थकत असतील तर उपयोगी पडेल असं लिहिते. २०१४ च्या १० जानेवारीपासून ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोचे नियम लागू झाले, ते याच प्रकरणातून आले.

साधारणपणे १२० दिवस थकल्याशिवाय सर्व्हिसरला जप्तीचा पहिला कागद दाखल करता येत नाही. फेरआखणीचा अर्ज आला की ५ कामकाजाच्या दिवसांत "मिळाला, अमुक कागद कमी आहेत" असं कळवावं लागतं. पूर्ण अर्ज लिलावाच्या ३७ दिवसांहून आधी पोचला तर ३० दिवसांत निर्णय, आणि तोवर निकाल किंवा लिलाव मागता येत नाही. यातला कळीचा शब्द "पूर्ण". पगाराची पावती जुनी झाली म्हणून अर्ज अपूर्ण ठरवणं हीच नेहमीची अडचण. म्हणून प्रत्येक पानावर कर्ज क्रमांक, प्रत्येक कागदाची तारीख, आणि पोच असलेली पाठवणी.

कर्जाचा खरा मालक कोण हे लेखी विचारा, १० कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हिशेबाची चूक दाखवली तर सर्व्हिसरने सहसा ३० कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. पत्र हप्ते पाठवायच्या पत्त्यावर टाकू नका. चौकशीसाठी वेगळा पत्ता ठरवलेला असेल तर तो मासिक विवरणावर किंवा संकेतस्थळावर असतो, आणि दुसरीकडे गेलेल्या पत्राला ही मुदत लागू होत नाही. सर्व्हिसर बदलला तर ६० दिवसांपर्यंत जुन्याकडे वेळेवर गेलेला हप्ता उशिरा आला असं धरता येत नाही. फेरआखणीत जुन्याने मान्य केलेली चाचणी नव्याने नाकारणं हा प्रकार याच काळात होतो, सगळी पत्रं नव्याकडे पुन्हा पाठवा.

मोहोळ
शंका फिटली, धन्यवाद. शेवटी कर्जदारांना काही मिळालं का?

टाचणी
फेब्रुवारी २०१२ मध्ये ४९ राज्यं (ओक्लाहोमा बाहेर राहिलं) आणि पाच मोठे सर्व्हिसर यांच्यात २५ अब्ज डॉलरची तडजोड झाली. यातला मोठा भाग मुद्दल कमी करणं वगैरे स्वरूपात. २००८ ते २०११ मध्ये घर गमावलेल्यांना रोख मिळाले ते प्रत्येकी साधारण १,४८० डॉलर. घर गेलेल्या माणसाला हे दोन महिन्यांच्या भाड्याइतकेही नव्हते. फाईलवार फेरतपासणीचा वेगळा कार्यक्रम २०११ च्या एप्रिलमध्ये ठरला होता, तो २०१३ मध्ये अर्ध्यावर सोडून सरसकट चेक वाटले, बहुतेकांना काहीशे डॉलर.

सावळाराम_ज
भारतात असं होऊ शकतं का? पुण्यात गृहकर्ज असलेले बरेच जण इथे आहेत म्हणून विचारतो.

दौलतराव_पाटील
रचना वेगळी आहे. इथे कर्ज देणारी बँकच बहुधा शेवटपर्यंत धनको असते आणि मूळ खरेदीखत तिच्याच तिजोरीत असतं, म्हणून साखळी तुटण्याचा प्रश्न कमी. पण बँकांच्या तारण-वसुलीच्या सरफेसी कायद्यात न्यायालयाची पायरी जवळपास नाही. खातं ९० दिवस थकून अनुत्पादक झाल्यावर कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस. तिच्यावर हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं. मग ताबा. ताब्यासाठी जिल्हाधिकारी किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करताना अधिकृत अधिकाऱ्याला नऊ मुद्द्यांचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि न वाचता सही होण्याचा धोका तिथेच आहे. त्या शपथपत्राची प्रत मागून घ्या आणि रक्कम, नोटिशीची तारीख, हरकतीला दिलेलं उत्तर हे तीन मुद्दे ताडून पाहा. कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याआधी पूर्ण रक्कम भरली तरच घर सोडवण्याचा हक्क उरतो, लिलावाच्या दिवसापर्यंत थांबू नका. आणि कर्ज फिटलं की मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे.

केतकी_क
अमेरिकेत त्या काळात जप्त झालेलं घर आज कोणी विकत घेत असेल तर जुन्या कागदांची भीती बाळगावी का?

टाचणी
राज्यावर अवलंबून. मॅसॅच्युसेट्समध्ये २०११ च्या ऑक्टोबरात न्यायालयाने सांगितलं की लिलावच अवैध असेल तर तिथून घेणाऱ्यालाही मालकी मिळत नाही, भले त्याने पूर्ण पैसे मोजले असोत. मग २०१५ मध्ये कायदा झाला की विक्रीचं शपथपत्र नोंदवून तीन वर्षं उलटली आणि कोणी दावा लावला नाही, तर बहुतेक प्रकरणांत टायटल पक्कं धरायचं. इतरत्र टायटल शोधाच्या अहवालात जप्तीच्या वेळचं हस्तांतर पाहा. हस्तांतराची तारीख विक्रीच्या नोटिशीच्या आधीची आहे का, देणारी कंपनी त्या दिवशी अस्तित्वात होती का, सही करणाऱ्याचं पद आणि नोटरीची तारीख जुळते का. मालकाची टायटल पॉलिसी स्वतःच्या नावाने घ्या, कर्ज देणाऱ्या बँकेची पॉलिसी फक्त बँकेला वाचवते. आणि पॉलिसीच्या अपवादांच्या यादीत जुनी जप्ती लिहिलेली असेल तर ती काढून घेतल्याशिवाय सही करू नका.